किंचित उशिरा येणारा आवाज

१२ जानेवारी १९५६. हॉलिवूडमधला एक स्टुडिओ, रात्रीची वेळ. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राला रेकॉर्डिंग रात्रीच आवडायचं. त्याच्या मते तेव्हा गळा सैल असतो. समोर भला मोठा वाद्यवृंद, गाण्याची वाद्यरचना करणारा अरेंजर नेल्सन रिडल, आणि गाणं वीस वर्षं जुनं, कोल पोर्टरचं ‘आय’व्ह गॉट यू अंडर माय स्किन’. गाण्याच्या मधोमध मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन, फुंकून वाजवायचं ते पितळी वाद्य, एकट्याने उसळून येतो. टेकवर टेक होत होते. मग असं ठरलं, की बर्नहार्ट दुसऱ्या माइकपाशी उभा राहिला तर ट्रॉम्बोन नीट पकडला जाईल. पण तो माइक फार उंच होता. पायाखाली घ्यायला खोका हवा होता, आणि तो खुद्द सिनात्राने आणून दिला, असं बर्नहार्ट पुढे सांगायचा. एकूण बावीस टेक झाले.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हे गाणं असलेली ‘साँग्ज फॉर स्विंगिन् लव्हर्स’ ही एलपी बाजारात आली. जुलैमध्ये ब्रिटनमध्ये अल्बमच्या खपाची पहिलीवहिली यादी छापली गेली, तेव्हा तिच्यात पहिल्या क्रमांकावर हीच होती. पंधरा गाणी, त्यातली बरीचशी तेव्हाही जुनीच. प्रेमाचे शब्दही आपण हजारदा ऐकलेले. तरी आज लावली की दुसऱ्या ओळीपर्यंत पाय हलायला लागतो. कारण विचारलं तर बहुतेक जण ‘काय आवाज आहे!’ म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, गंमत आवाजात आहे त्याहून जास्त त्या आवाजाच्या वेळेत आहे. सिनात्रा ठोक्यावर येत नाही, जरासा मागून येतो.

पण आधी माइकबद्दल बोलायला हवं, कारण तो नसता तर हे मागून येणं कुणाला ऐकूच आलं नसतं.

ऑपेराचा गायक माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतो. ते नुसत्या जोराचं काम नाही. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी दाखवलं, की असे गायक गळ्याचा आकार बदलून ३००० हर्ट्झच्या आसपास बरीच ऊर्जा एकवटतात. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झपाशी असतो आणि त्यावर तो उतरत जातो, म्हणजे ३००० च्या पट्ट्यात गायकाला वाट मोकळी मिळते. आपल्या संगीत नाटकांतल्या नटांनाही शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पद पोचवावं लागे, आणि त्या गायकीचा मोकळा, टोकदार लगाव काही अंशी त्यातूनच घडला असणार. या सगळ्याची किंमत मात्र मोजावी लागते: आवाज लांब फेकणाऱ्याला कुजबुजता येत नाही.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, आणि भोंग्यात ओरडण्याची गरज संपली. त्यातून क्रूनर जन्मले, गुणगुणल्यासारखं गाणारे. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते, त्यामुळे हळू गायलं तरी भागतं. शिवाय एका दिशेने ऐकणाऱ्या माइकची एक खोड असते. तो समोरच्या आणि मागच्या हवेच्या दाबातला फरक टिपतो. दूरवरून आलेल्या खर्जाच्या लांब लहरी दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच दाब देतात, म्हणून माइकच्या रचनेतच खर्जाला थोडी उचल दिलेली असते. ओठ अगदी जवळ आले की समोरचा दाब मागच्यापेक्षा आपोआप बराच जास्त होतो, त्यात ती उचल मिळते, आणि आवाज भरदार, उबदार होतो. रेडिओ निवेदकांनाही ही युक्ती चांगली ठाऊक असते.

आता कानाला काय कळतं ते पाहा. भरलेला खर्ज, शिवाय प्रत्येक ‘त’ आणि ‘स’ स्पष्ट, म्हणजे बोलणारा माणूस वीतभर अंतरावर आहे. आणि त्याच्या पाठीमागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा. खऱ्या खोलीत हे शक्यच नाही. तो ताफा सुरू झाल्यावर शेजारचा काय म्हणतो तेही कळणार नाही. ही अशक्य खोली फक्त तबकडीवर असते. सिनात्रा माइकलाच गायकाचं वाद्य मानायचा, ते उगाच नाही.

आता वेळेकडे येऊ. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीत, एका ठोक्याचे दोन सारखे तुकडे होत नाहीत. शिकवताना सांगतात, मात्रेचे तीन भाग करा आणि पहिला व तिसरा वाजवा: लांब-आखूड, लांब-आखूड. प्रत्यक्षात हे प्रमाण लयीप्रमाणे बदलतं. अँडर्स फ्रायबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम यांनी २००२ मध्ये जॅझच्या रेकॉर्डवरच्या झांजेचे ठोके मोजले. संथ लयीत लांब तुकडा आखूड तुकड्याच्या साडेतीन पटीपर्यंत गेला, आणि फार द्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारखे झाले. त्याच मोजणीत दुसरी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त मोलाची वाटते. सोलो वाजवणारे मुख्य ठोक्यावर झांजेच्या मागे राहत होते, पण मधल्या आखूड स्वरावर बरोबर तिच्याशी जुळत होते. म्हणजे उशीर आळसाचा नाही. दर मात्रेला उधार घ्यायची आणि दर मात्रेला फेडायची, असा तो व्यवहार आहे.

२०२२ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन इथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी हे उलट बाजूने तपासलं. पियानोच्या सोलोमधले मुख्य ठोक्यावरचे स्वर त्यांनी संगणकावर सुमारे ३० मिलिसेकंद मागे सरकवले, मधले स्वर जागेवरच ठेवले, आणि जाणकार संगीतकारांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांना हीच आवृत्ती जास्त ‘स्विंग’ करणारी वाटली. नेमकं काय बदललंय, ते मात्र त्यांना सांगता येईना. ३० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा तेहतिसावा भाग. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

ही मोजमापं वादकांची आहेत, सिनात्राच्या गळ्याची नव्हेत. पण त्याच्याबाबतीत उशीर पुष्कळदा एवढा ठळक असतो की यंत्र लागत नाही. समेच्या जरा नंतर येण्याला आपल्याकडे अतीत म्हणतात. बैठकीत गवई तसा आला की ऐकणाऱ्याचा हात हवेत थबकतो आणि मग दाद निघते. सिनात्रा हा थबका जवळजवळ प्रत्येक ओळीत देतो. खाली बेस, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, एकसारखा चालत राहतो, आणि वर तो गप्पा मारल्यासारखा रेंगाळतो, मग शेवटचे चार शब्द भराभर टाकून बरोबर वेळेवर घरी पोचतो.

त्यासाठी दमसास लागतो. तरुणपणी, १९४० ते ४२, तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये होता. डॉर्सी ट्रॉम्बोनवर लांबच लांब ओळ न तुटता वाजवायचा, आणि श्वास कधी घेतो ते दिसायचं नाही. सिनात्रा मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत राहायचा. मग स्वतःचा दम वाढवण्यासाठी तो पाण्याखाली पोहण्याचा सराव करू लागला. श्वास हवा तिथे घेता आला तरच शब्द कुठेही नेता येतो.

ठोका ऐकताना मेंदू नुसता ऐकत नाही, पुढच्या ठोक्याची वाट बघतो. स्नायू हलत नसले तरी हालचाल घडवणारे मेंदूतले भाग, विशेषतः बेसल गँग्लिया, नियमित ठोक्याला जागे होतात. अंदाज तंतोतंत खरा ठरत गेला तर कंटाळा येतो, सतत चुकत गेला तर गोंधळ उडतो. २०१४ च्या एका अभ्यासात ड्रमचे वेगवेगळे ठेके लोकांना ऐकवले, तेव्हा अंग हलवावंसं सर्वात जास्त वाटलं ते मध्यम गुंतागुंतीच्या ठेक्यांना. रिडलने नेमकी हीच वाटणी करून दिली आहे: नियम बँडने पाळायचा, खोड्या गायकाने काढायच्या.

आणि मग बर्नहार्टची जागा. सुरुवात अगदी दबकी असते. मध्यावर ट्रॉम्बोन एक छोटी आकृती घोळवू लागतात. तीच, पुन्हा तीच, दर फेरीला वरचढ. रिडलच्या डोक्यात राव्हेलचं ‘बोलेरो’ होतं, एकच धून पुन्हा पुन्हा वाढत्या जोराने वाजवणारी वाद्यरचना. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी अंगावर काटा आणणारं संगीत ऐकताना मेंदूतल्या डोपामीन या रसायनाचा माग काढला. त्यात त्यांना दोन वेगळ्या जागा दिसल्या: कळस येण्याआधी, नुसत्या चाहुलीने कॉडेट या भागात डोपामीन स्रवतं, आणि प्रत्यक्ष कळसाला न्यूक्लिअस अॅकम्बन्समध्ये. हे गाणं मला पाठ आहे, ट्रॉम्बोन कधी येणार ते माहीत आहे, तरी दर वेळी त्याआधी खुर्चीत सरसावून बसतो. आता त्याचा दोष कॉडेटला देता येतो.

हे सगळं मुंबईला परकं नव्हतं. ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकापासून जॅझ वाजत होता. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तिथे गाजला आणि मग पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या हाताखाली आला. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तो आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतो. त्यातल्याच ‘शोला जो भडके’मधला चितळकरांचा, म्हणजे खुद्द रामचंद्रांचा आवाज ऐका. जोर कुठेच नाही.

आता सिनात्राचं तेच गाणं हेडफोनवर लावा आणि बेसच्या चालीवर टेबलावर बोट आपटत राहा. ठोका सोडायचा नाही. तो ज्या शब्दावर जोर देतो, तो येतो तेव्हा बोट कुठे आहे ते बघा. माझं बोट बहुतेक वेळा आधीच टेबलाला टेकलेलं असतं.