पार्श्वभूमी: पाण्याला ‘आठवण’ कुठून आली?

‘पाण्याला आठवण असते, म्हणजे त्याला जाणीवही असते’ असे मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, सोबत बर्फाच्या स्फटिकांचे देखणे फोटो. वाचताना अध्यात्म वाटतं. पण ही ‘आठवण’ गाजली ती पॅरिसजवळच्या क्लामार इथल्या प्रयोगशाळेमुळे.

जाक बेंव्हनिस्त हे नावाजलेले रोगप्रतिकारशास्त्रज्ञ. जून १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांच्या गटाचा शोधनिबंध आला. एक प्रतिपिंड (शरीराचं संरक्षण करणारं प्रथिन) पाण्यात इतकं पातळ केलं की त्याचा रेणूही उरू नये, तरी रक्तातल्या बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी प्रतिसाद दिला, जणू पाण्याला त्याची ‘आठवण’ राहिली, असा दावा होता. औषध असंच पातळ करत नेणाऱ्या होमिओपॅथीच्या पाठीराख्यांना आणखी काय हवं होतं! निबंधाच्या दोघा सहलेखकांचा पगार होमिओपॅथी औषधांच्या एका कंपनीकडून येत होता, हेही पुढे उघड झालं. गंमत म्हणजे निबंधाच्या शीर्षकात ‘स्मृती’ हा शब्दच नव्हता.

‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी छापताना अट घातली होती: प्रयोग आमच्यासमोर करून दाखवा. जुलैत ते गेले, सोबत संशोधनातले गैरप्रकार तपासणारे वॉल्टर स्टुअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी. (हातचलाखी ओळखायला जादूगारच लागतो.) कोणत्या नळीत काय आहे याची किल्ली पाकिटात बंद करून चक्क छताला चिकटवली. मोजणाऱ्यांना नळ्यांतलं गुपित कळेनासं झाल्यावर परिणामही दिसेनासा झाला. तपासणाऱ्यांच्या मते ही फसवणूक नव्हे, स्वतःचीच फसगत होती.

बेंव्हनिस्त मागे हटले नाहीत. ही ‘आठवण’ संगणकात साठवता येते, तारेवरून पाठवता येते, असं ते नव्वदच्या दशकात म्हणू लागले. १९९१ आणि १९९८ असं दोनदा त्यांना थट्टेचं इग नोबेल मिळालं.

मग जपानी लेखक मसारू इमोटो आले. १९९९ च्या त्यांच्या पुस्तकात पाण्याला शब्द कळतात, प्रेमाने बोललं की स्फटिक सुंदर होतात. आठवणीवरून थेट मनावर उडी! लोहचुंबकालाही पूर्वस्थितीची ‘स्मृती’ असते असं पदार्थविज्ञान म्हणतं. म्हणून चुंबकाला वाईट वाटतं असं कोणी म्हणत नाही. एका उसन्या शब्दाने इथे पुराव्याचं काम केलं.

पाण्याच्या रेणूंमधले बंध सतत तुटतात, जुळतात. त्यांची रचना किती टिकते हे २००५ मध्ये मोजलं गेलं: ५० फेमटोसेकंदांहूनही कमी. सेकंदाचे कोटी गुणिले कोटी भाग केले, तर त्यातले पाचसुद्धा नाहीत.