मार्ता आर्गेरिच एकटी का वाजवत नाही : थोडं मागचं

आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला महिन्यातनं एकदा पाच-सहा जण जमतो, ज्याची पाळी असेल त्यानं काहीतरी ऐकवायचं आणि चहा-भडंगाचं बाकीच्यांनी बघायचं असा साधा हिशेब आहे. गेल्या वेळी माझी पाळी होती. मी पियानोवादक मार्ता आर्गेरिचनं वाजवलेला प्रोकोफिएव्हचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो (म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीनं वाजवायची पियानोची रचना) लावला, १९६७ चं रेकॉर्डिंग, ऑर्केस्ट्रा बर्लिन फिलहार्मोनिकचा आणि तो चालवणारा क्लाउडिओ अब्बाडो. संपल्यावर आमचे पेटीवाले काका, ज्यांचं आयुष्य नाट्यपदांना साथ करण्यात गेलंय, म्हणाले, "बाईचा हात भयंकर तयार आहे रे, पण हिचं एकटीचं लाव की काहीतरी, मागं एवढा लवाजमा कशाला?" म्हटलं काका, एकटीचं आहे पण ते बहुतेक जुनं, १९८० च्या सुमारास तिनं सोलो मैफली जवळजवळ बंदच केल्या. मग का, कशासाठी, भांडली का कुणाशी, असं सुरू झालं आणि मला तिथं धड सांगता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे एकट्यानं दोन तास पियानो वाजवायचा ही काही फार जुनी चाल नाही. आधी युरोपात कॉन्सर्ट म्हणजे सगळा मिसळीचा प्रकार असायचा, एक गायिका येऊन गाऊन जायची, मग व्हायोलिन, मग सिंफनीचा एखादा तुकडा, मधेच कुणीतरी पियानोवर हात दाखवून जायचा. १८३९-४० च्या आसपास फ्रान्झ लिस्ट या पियानोवाल्यानं एकट्यानं पूर्ण कार्यक्रम करायला सुरुवात केली आणि १८४० ला लंडनमधे त्याला 'रिसायटल' असं नाव दिलं. लोक हसले, पियानोवर पठण कसं काय करणार म्हणून. पाठ वाजवायची सवय पण त्याच काळातली, पियानोवादक क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमन, १८३७ ला बर्लिनमधे बेथोव्हनचा सोनाटा (एकट्या पियानोसाठीची मोठी रचना) समोर वही न ठेवता वाजवती झाली तर तिला आगाऊ म्हणणारेही निघाले. आपल्याकडे कुणी वही समोर ठेवून गायला बसला तर लोक नाकं मुरडतात, तिकडं तेव्हा उलटं होतं!

आणि गंमत बघा, ज्या लिस्टनं हे सुरू केलं तो स्वतः १८४७ ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, पैसे घेऊन मैफली करायचं सोडून बसला. आठ-नऊ वर्षांत हजारभर कार्यक्रम करून झाले होते त्याचे, दमला असणार. पण गाडं थांबलं नाही, आगबोट आणि रेल्वे आली, ओतीव लोखंडाची चौकट आल्यामुळं पियानो दणकट झाला, मोठ्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला लागला. मग अँटन रुबिनस्टाइन हा रशियन पियानोवाला १८७२-७३ ला अमेरिकेत गेला आणि २३९ दिवसांत २१५ कार्यक्रम करून आला. नंतर पुन्हा बोलावलं तर नको म्हणाला, त्याला ते कारखान्यात कामाला जुंपल्यासारखं वाटलं होतं.

आता यात एक अडचण आहे जी आपल्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. पियानोवाला स्वतःचं वाद्य बरोबर नेऊ शकत नाही. मोठा कॉन्सर्ट ग्रँड नऊ फूट लांब, पाचशे किलोच्या आसपास वजन. होरोविट्झसारखे एक-दोन महाभाग स्वतःचा पियानो घेऊन फिरायचे पण बाकीच्यांना त्या-त्या गावचा जो असेल तो. मिरजेला तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत मी एकदा तासभर बसलो होतो, तंबोऱ्याची जवारी लावत होते, तारेखालचा दोरा केसभर पुढं सरकवायचा, छेडायचं, परत मागं घ्यायचा, डोळे मिटलेले, आणि ज्या गायकाचा तंबोरा तो समोर मांडी घालून बसलेला, "अजून थोडा बंद करा" वगैरे सांगत होता. पियानोत असलंच काम हातोडीच्या नमद्याला सुया टोचून करतात, जास्त टोचलं की आवाज मऊ पडतो, पण ते त्या हॉलचा माणूस करतो आणि वाजवणाऱ्याच्या हातात दुपारचे दोन-तीन तास असतात. बरं सूरही हलवता येत नाही. काकांची नेहमीची तक्रार, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठाय, श्रुती (सुरांच्या मधल्या बारीक जागा) कुठायत? (हे दुखणं इथलंच जुनं आहे. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० ला बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, साताऱ्याला जज्ज असलेले क्लेमेंट्स साहेब त्यांच्या बाजूनं उतरले आणि दोघांच्या खटपटीतनं श्रुती हार्मोनियम लंडनहून बनवून घेतली गेली, मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेबही त्यात होते. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावर भरपूर वाद झाला. त्यावर वेगळं लिहीन.)

तर वाद्य दुसऱ्याचं, सूर ठरलेले, स्वरन् स्वर आधीच लिहिलेला. मग कलाकाराचं स्वतःचं काय उरतं? काय वाजवायचं आणि कसं वाजवायचं, एवढंच. म्हणून तिकडं रेपर्टरीला एवढं महत्त्व, आपल्या भाषेत म्हणजे पोतडीत काय काय आहे. श्नाबेल नावाच्या पियानोवाल्यानं १९२७ ला बर्लिनमधे बेथोव्हनचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटे वाजवले आणि तीच त्याची ओळख झाली. दुसरा पियानोवाला रिख्टर, त्याची पोतडी कधी रिकामीच व्हायची नाही, म्हातारपणी मात्र तो नोटेशन समोर ठेवून, स्टेजवर अंधार करून एकच दिवा लावून वाजवायला लागला. आणि हे सगळं कधी कधी वर्ष-दोन वर्षं आधी कळवायचं, अमुक तारखेला अमुक कृती. आपला गवई ग्रीनरूममधे तंबोरे जुळवताना ठरवतो आज मारवा का पूरिया, तिकडं तसली सोय नाही.

आर्गेरिच या सगळ्या चरकातनं पार पडलेली बाई आहे. जन्म ५ जून १९४१, ब्यूनोस आयर्स. पेरोन अर्जेंटिनाचे अध्यक्ष असताना त्यांनी पोरीला विचारलं कुठं शिकायचंय, ती म्हणाली व्हिएन्नाला गुल्डा या पियानोवाल्याकडं, तर आई-वडिलांना तिथल्या वकिलातीत नोकऱ्याच दिल्या. १९५७ ला सोळाव्या वर्षी बोल्झानो आणि जिनिव्हा अशा दोन स्पर्धा थोड्याच दिवसांच्या अंतरानं जिंकल्या. मग मात्र गाडी अडली. मिकेलांजेली या इटालियन पियानोवाल्याकडं दीड वर्ष राहिली आणि शिकवण्या झाल्या म्हणे चार. काही वर्षं वाजवणंच सोडलं, न्यूयॉर्कला जाऊन टीव्ही बघत बसायची, सेक्रेटरी व्हावं असं चाललेलं डोक्यात. तिथनं परत उठून १९६५ ला वॉर्साची शोपँ स्पर्धा जिंकली. १९८० ला त्याच स्पर्धेत परीक्षक होती, पोगोरेलिच या स्पर्धकाला फायनलला घेतलं नाही म्हणून परीक्षकपद सोडून निघून गेली. मला विचाराल तर ती वाजवते तशीच वागते, मागचा-पुढचा विचार नाही.

सोलो बंद करायचं तिनं स्वतः सांगितलेलं कारण अगदी साधं आहे, स्टेजवर एकटं वाटतं. त्यामुळं पुढं सगळं कुणाच्या तरी संगतीनं, गिडोन क्रेमरचं व्हायोलिन, मिशा मायस्कीचा चेलो, नेल्सन फ्रेरेबरोबर दोन पियानो. कार्यक्रम रद्द करण्याबद्दल तर ती बदनामच आहे. आणि पोतडी? प्रोकोफिएव्हचा तिसरा, रावेलचा जी मेजर, चायकोव्हस्कीचा पहिला, शूमन, बेथोव्हनचे पहिले दोन कॉन्चेर्टो, हेच पन्नास-साठ वर्षं फिरवून फिरवून. बेथोव्हनचा चौथा कॉन्चेर्टो लहानपणी आराव या पियानोवाल्याकडनं ऐकला आणि एवढा आत बसला की स्वतः वाजवायचं टाळलं. काहीजण याला रेपर्टरी तोकडी म्हणतात, मला नाही पटत. एखादा गायक जन्मभर तेच सात-आठ राग गातो तेव्हा आपण तोकडं म्हणतो का?

हे सगळं फोनवर काकांना ऐकवलं. "मग ते रावेलचं ऐकू दे," म्हणाले, तर काल जाऊन लावलं, दुसरा भाग. आता या भागात सुरुवातीला पियानो एकटाच असतो, तीन मिनिटांच्या आसपास, डावा हात संथ तीनाच्या लयीत आणि उजव्या हातात एकच लांबलचक ओळ, जिला सम कुठं तेच कळत नाही. ऑर्केस्ट्रातलं कुणीही वाजवत नाही. काका मांडीवर बोटानं मात्रा मोजत होते, दोनदा चुकले, मग मोजायचं सोडलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "एकटी वाजवत नाही म्हणालास की रे?" तेवढ्यात बासरी आली.