लेदर आणि चामडं : गाडीच्या सीटच्या निगेमागची पार्श्वभूमी

गाडीच्या सीटला काय लावावं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात नव्याने निघतो. कुणी खोबरेल सांगतं, कुणी व्हॅसलीन, कुणी डॅशबोर्डचं पॉलिश, कुणी महागडं कंडिशनर. हे सगळे उपाय कुठल्या ना कुठल्या काळातल्या, वेगळ्याच मालाच्या सीटवरून किंवा खोगिरावरून आलेले आहेत. माल बदलत गेला, उपाय मात्र तोंडातोंडी तेच राहिले. हे कसं झालं ते बघायचं तर आपल्या नेहमीच्या गाड्यांत चामडं नव्हतंच, इथून सुरुवात करावी लागते.

१९६४ पासून मुंबईत बनणारी फियाट (नाव पुढे पद्मिनी झालं, तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत) आणि तिच्याबरोबरीची अँबॅसिडर, या दोन गाड्यांनी दोन पिढ्यांना गाडीची सीट काय असते ते शिकवलं. आत स्प्रिंगा, त्यावर काथ्या आणि वरून रेक्झिन. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीत बसलं की मांड्यांना चटका बसायचा आणि उतरताना सदरा पाठीला चिकटलेला असायचा. सरकारी अँबॅसिडरवर पांढरे टर्किश टॉवेल आले ते यासाठीच, त्यात रुबाबाचा भाग नंतरचा. साफसफाई म्हणजे ओलं फडकं, साबणाचं पाणी, आणि डाग हट्टी असेल तर रॉकेलचा बोळा. रॉकेलने डाग जायचा खरा, पण सीटही जायची. रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसी या प्लॅस्टिकचा, आणि पीव्हीसी मुळात नळाच्या पाइपासारखं कडक असतं. तेलकट रसायन मिसळून ते मऊ करतात. ऊन आणि रॉकेल दोन्ही ते रसायन ओढून घेतात. मग शिवणीजवळ पहिली चीर पडते आणि वर्षभरात काथ्या डोकावायला लागतो. लहानपणी ती चीर बोटाने मोठी करत बसल्याबद्दल मार खाल्लेले वाचक बरेच असतील.

रेक्झिन हा शब्दही तसा उसनाच. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात बनणाऱ्या एका नकली चामड्याचं ते व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल आणि रंग यांचा थर देऊन वरून चामड्यासारखी नक्षी उठवत. १९२० च्या दशकापासून ब्रिटिश रेल्वेच्या डब्यांत ते भरपूर वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या थराची जागा पीव्हीसीने घेतली, पण आपल्याकडे नाव तेच टिकलं. दप्तर, एसटीचं बाकडं, दवाखान्यातलं टेबल, सगळं रेक्झिनचं. त्या शब्दात कुठलाही दावा नव्हता. ऐकणाऱ्याला कळायचं की हे चामडं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आहे.

चामड्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, फक्त गाडीबाहेरची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं उघड्या छिद्रांचं असतं, तेल पिऊन मऊ राहतं. कोल्हापुरी चप्पल घेतल्यावर तिला तेल पाजतात ते म्हणूनच, आणि खोगिरालाही तेच लागू. युरोपातल्या जुन्या मोटारींत अशाच प्रकारे श्वास घेणारं चामडं होतं. ‘चामड्याला खायला घाला’ हा सल्ला तिथून निघाला. पण १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोम कमावणीचं (सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याचं) पेटंट घेतलं गेलं आणि विसाव्या शतकात चामड्यावर रंगाचा व पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर देण्याची रीत रुळली. आज कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक लेदर सीटवर केसाहून पातळ असा हा प्लॅस्टिकचा पडदा असतो. आपला हात लागतो तो त्या पडद्याला. खालचं चामडं हाताला लागतच नाही.

१९९५ पासून पुण्यात जर्मन गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि खरी लेदर सीट बऱ्याच जणांनी पहिल्यांदा जवळून पाहिली. ती परवडणारे मोजके होते, हवी मात्र सगळ्यांनाच होती. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गावोगावच्या कुशन वर्क्समध्ये ‘लेदर सीट कव्हर’ अशा पाट्या लागल्या त्या या मागणीपोटी. इथे शब्दाचा गुंता सुरू होतो. मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण सीट खराब होण्याची निम्मी कारणं या एका शब्दात आहेत.

सेकंडहँड गाडीसाठी कव्हर शिवून घ्यायला मी एकदा नाना पेठेत गेलो होतो. कुशनवाल्यांनी सॅम्पलची वही पुढे टाकली. हाताला लोण्यासारखा लागणारा बेज रंगाचा तुकडा मी निवडला आणि विचारलं, ‘‘हे लेदर आहे ना?’’ ‘‘लेदरच आहे साहेब.’’ तुकडा उलटा केला तर मागे पांढरं विणलेलं कापड, बनियनच्या कापडासारखं. चामड्याची उलटी बाजू लवदार, रेशारेशांची असते, एवढं मला माहीत होतं. तसं बोललो, तर ते अगदी सरळपणे म्हणाले, ‘‘तुम्हाला चामडं पाहिजे होतं का? मग चामडं म्हणा ना. चामडं आम्ही ठेवत नाही.’’

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या धंद्याच्या बोलीत लेदर आणि चामडं हे दोन वेगळे माल होते. जाड, कडक ते रेक्झिन. पातळ, मऊ ते लेदर. जनावराचं ते चामडं. त्यातल्या लेदरमध्ये आर्टलेदर, लेदरेट, पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन) असे पोटप्रकार. नप्पा हा शब्द मुळात मऊ, बारीक पोताच्या खऱ्या चामड्याचा, पण कव्हरच्या बाजारात तोही कृत्रिम मालाला सर्रास लावला जातो. कारखान्यातून आलेल्या गाडीतही पूर्ण स्पष्टता नसते. अनेक ‘लेदर’ सीटमध्ये अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो, बाजू आणि पाठ रंग जुळवलेल्या व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची.

याचा भुर्दंड मी भरला. दुकानात शिकलो ते घरी येईपर्यंत विसरलो आणि कव्हरला दोन वर्षं नेमाने लेदर कंडिशनर चोळलं. आत शिरायला वाव नसल्याने ते वरच बसून चिकट झालं, त्यावर धूळ धरली. तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागले आणि उतरल्यावर शर्टाच्या पाठीवर बेज चकत्या दिसू लागल्या. कंडिशनरने ते केलं नाही, पण थांबवलंही नाही. बऱ्याच स्वस्त पीयूचा थर हवेतल्या दमटपणानेच आतून तुटतो. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे लवकर होतं आणि त्यावर कुठल्याही बाटलीत औषध नाही.

खऱ्या पण थर दिलेल्या चामड्यावर कंडिशनर लावावं की नाही, यावर सफाईच्या धंद्यात अजून दोन तट आहेत. माझा कल ‘क्वचितच’कडे आहे. अशा सीटचा शत्रू कोरडेपणापेक्षा घाम, अंगाचं तेल आणि बारीक रेती हा असतो. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बघा, चढता-उतरता घासून पहिली तीच झिजते. चामडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण साडेतीन ते पाच. कपड्यांच्या साबणाचं पाणी त्याच्या उलट टोकाचं. म्हणून सौम्य क्लीनरचा फेस, मऊ ब्रश, लगेच कोरडं फडकं, एवढं पुरतं. बेज सीटवर जीन्सचा निळा रंग चढू नये म्हणून वरून संरक्षक कोट देणं मात्र खरोखर उपयोगाचं आहे. सिलिकॉनवाली चमक टाळावी. सीट पुढे कधी रंगवायची झाली तर तिच्यावर रंग धरत नाही.

उन्हाचा प्रश्न सीटइतकाच काचेचा आहे. १९८९ च्या नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यावा असं होतं, आणि त्या मर्यादेत लोक फिल्म लावत. एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने काळ्या फिल्म सरसकट बंद झाल्या. कारण सुरक्षिततेचं होतं आणि ते रास्त होतं, पण बाजूच्या काचेजवळच्या सीटा त्यानंतर जास्त तापू आणि विटू लागल्या, ही तक्रारही खोटी नव्हती. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत प्रकाशाची तीच मर्यादा पाळून सेफ्टी ग्लेझिंगला (प्लॅस्टिकचा थर चढवलेल्या सुरक्षित काचेला) जागा मिळाली आणि २०२४ मध्ये केरळातल्या निकालाने तशी फिल्म चालते असा अर्थ लावला. तरी रस्त्यावर अडवलं जाण्याच्या भीतीने अनेक जण अजून जाळीचे पडदेच वापरतात.

२०२० ने आणखी दोन गोष्टी आणल्या. महिनोन्‌महिने बंद उभ्या गाड्यांत सीटवर पांढरी बुरशी आली, आणि गाडी सुरू झाल्यावर स्टिअरिंगवर, सीटच्या कडेवर रोज सॅनिटायझर पडू लागला. त्यातलं अल्कोहोल वरचा पडदा हळूहळू मऊ करतं. आधी चकाकी जाते, मग रंग फडक्यावर येतो. त्याच सुमारास सीटच्या बाजूतून उघडणाऱ्या एअरबॅग मधल्या किमतीच्या गाड्यांतही दिसू लागल्या आणि जुन्या पद्धतीचं सगळीकडून घट्ट शिवलेलं कव्हर धोक्याचं ठरलं. चांगले कुशनवाले आता त्या बाजूला मुद्दाम फाटेल अशी कच्ची शिवण ठेवतात किंवा ती जागा मोकळी सोडतात.

आणि आता नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातीत ‘व्हेगन लेदर’ आलं आहे. बहुतेक वेळा ते पीयू किंवा पीव्हीसीच असतं. म्हणजे ओल्या फडक्याने पुसायचं, उन्हापासून जपायचं, आणि रॉकेल लांब ठेवायचं.