अनुपस्थितीत दोषसिद्धी (पार्किंग दंडाच्या प्रकरणातील)

आरोपी न्यायालयात हजर नसताना त्याला दोषी ठरवणे म्हणजे अनुपस्थितीत दोषसिद्धी. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा दंड भरायचा राहून गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले, की हा प्रश्न सामान्य कुटुंबाच्या दारात येतो. बडोद्यात या दंडाच्या कागदाला मराठी घरांतही ‘मेमो’च म्हणतात.

गाडी धोकादायक किंवा अडथळा होईल अशा रीतीने उभी करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ ने मनाई आहे. शिक्षा कलम १७७ प्रमाणे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड अशी आहे. कलम १२७ खाली गाडी उचलून नेली, तर उचलण्याचा खर्चही मालकाकडून घेतात. तो दंडापेक्षा वेगळा. कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम भरली, की प्रकरण तिथेच मिटते आणि दोषसिद्धीची नोंद होत नाही. भरली नाही, तर मेमो दंडाधिकाऱ्यापुढे जातो.

पुढच्या टप्प्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘आपण गेलो नाही, तर कोर्ट परस्पर दोषी ठरवून मोकळे होईल’ असे बहुतेकांना वाटते. भारतात इतक्या लहान गुन्ह्यासाठी तसे होत नाही. फौजदारी खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोय केली आहे, पण ती फरारी घोषित झालेल्यांसाठी आणि दहा वर्षे वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांसाठी. पार्किंगच्या प्रकरणात गैरहजेरीतली दोषसिद्धी येते ती आरोपीच्याच कबुलीतून. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ नुसार न्यायालय समन्सवरच लिहिते, की स्वतः या, वकील पाठवा, किंवा ठरलेल्या तारखेआधी पत्राने गुन्हा कबूल करून अमुक रक्कम पाठवा. रक्कम पाठवली की पुढील कारवाई थांबते आणि त्या कबुलीमुळे वाहन परवाना रद्द होण्याची भीती उरत नाही. सोय चांगलीच आहे. मात्र गाडी आपण उभी केलीच नव्हती, ती आधीच विकलेली होती, असे असताना ‘कटकट नको’ म्हणून पैसे पाठवणारा स्वतःहून गुन्हा कबूल करत असतो. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपीलही शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच उरते.

उत्तरच दिले नाही, तर दोषसिद्धीऐवजी वॉरंट निघते, आधी बहुधा जामीनपात्र, आणि तरीही कोणी आले नाही तर अजामीनपात्र. खरा त्रास इथून सुरू होतो. पाचशे रुपयांच्या दंडामुळे पासपोर्ट अडत नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ मध्ये दोषसिद्धीमुळे नकार देण्यासाठी नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद लागते. पण त्याच कलमात प्रलंबित फौजदारी प्रकरण आणि हजर राहण्यासाठी निघालेले समन्स वा वॉरंट हीही नकाराची कारणे आहेत. म्हणजे निकालापेक्षा न लागलेला निकाल जड जातो. न्यायालयाने ठोठावलेला दंड थकला, तर जंगम मालमत्ता जप्त करून वसुली होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे पाच हजारांपर्यंतच्या दंडाच्या बदल्यात दोन महिन्यांपर्यंत साधी कैदही सांगता येते.

समन्स पोहोचले की नाही, यावर सगळे अवलंबून असते आणि बडोद्यात घोटाळा होतो तो इथेच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथले वाडे सोडून कितीतरी मराठी कुटुंबे मांजलपूर किंवा वाघोडिया रोडकडे राहायला गेली. आरसी बुकावरचा पत्ता मात्र वाड्याचाच, मोबाईल क्रमांक वडिलांचा, तोही कधीच बंद पडलेला. राहण्याचा पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ४९ सांगते. माणूस सापडला नाही, तर कायद्याने समन्स घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे देता येते. पूर्वी तो पुरुषच असावा लागे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ती अट काढली. नोकराकडे दिलेले चालत नाही. कोणीच नसेल, तर समन्सची प्रत दारावर चिकटवतात आणि चौकशीनंतर न्यायालय ते बजावले गेले असे मानू शकते. कुलूपबंद वाड्याच्या दारावर डकवलेला तो कागद पावसाळ्यात किती दिवस टिकणार?

कागद हाती आला तरी जुनी माणसे सवयीने न्यायमंदिराकडे वळतात. १८९६ सालच्या त्या देखण्या इमारतीतून न्यायालये २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला हलली, परिसराचे नाव तेवढे राहिले.

उपाय फार अवघड नाहीत. केवळ दंडाच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर सहा महिन्यांनंतर न्यायालयाला साधारणपणे त्याची दखल घेता येत नाही. म्हणून कागदावरची गुन्ह्याची तारीख आधी पाहावी. वॉरंट निघालेले असेल, तर वकिलामार्फत ते रद्द करण्याचा अर्ज करून हजर व्हावे. लोकअदालतीत प्रलंबित मेमो तडजोडीने निकाली निघतात.

मुले इंग्लंडमध्ये असलेल्या घरांनी तिथला नियम वेगळा समजून घ्यावा. इंग्लंड-वेल्समध्ये नगरपालिकांचे बहुतेक पार्किंग दंड दिवाणी स्वरूपाचे आहेत. ते थकले तर वसुली होते, दोषसिद्धी होत नाही. फौजदारी स्वरूपाच्या किरकोळ वाहतूक गुन्ह्यांत मात्र २०१५ पासून एकच न्यायाधीश कागदपत्रांवरून, कोणी हजर नसताना दोषी ठरवू शकतो. नोटीस जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेल्याने तिथे शिकणाऱ्या मुलाला काहीच कळले नसेल, तर माहिती झाल्यापासून २१ दिवसांत शपथेवर तसे निवेदन करता येते. मग ती दोषसिद्धी रद्द ठरते आणि प्रकरण पहिल्यापासून चालते.