एमआरआर नक्की कुठला? ग्राइंडिंगमधल्या एका आकड्याची पार्श्वभूमी

आमच्या वेर्ण्याच्या मशीन शॉपमध्ये एमआरआर (मटेरियल रिमूव्हल रेट, म्हणजे ग्राइंडिंग करताना ठराविक वेळात किती माल निघतो) किती विचारलं की तीन जण तीन आकडे सांगतात, आणि तिघांचाही हिशोब बरोबर असतो. हा घोळ आजचा नाही.

पूर्वी जॉबचं, म्हणजे घासायच्या भागाचं, आधी आणि नंतर वजन करायचं, ग्रॅम लिहायचे, झालं. 1891 ला सिलिकॉन कार्बाइड सापडलं, मग कृत्रिम अॅल्युमिनियम ऑक्साइड आलं, या कठीण कणांची घासणारी चाकं, म्हणजे व्हील, एकसारखी मिळायला लागली तशी तुलना सुरू झाली. पण ग्रॅम फसवतात, स्टीलचा 1 ग्रॅम म्हणजे साधारण 127 घन मिमी आणि अॅल्युमिनियमचा 370, म्हणून घनफळ धरायला लागले. मग रुंद व्हील जास्त काढणारच, म्हणून दर मिमी रुंदीमागे किती ते बघायचं. हे योग्यच झालं.

खरा वाद डेप्थचा, म्हणजे एका पासला व्हील किती खोल कापतं त्याचा. मशीनच्या डायलवर 20 मायक्रॉन दिले म्हणून 20 निघत नाहीत, व्हीलहेड (व्हील धरणारा मशीनचा भाग) आणि जॉब दोन्ही थोडे मागे दबतात, पहिल्या पासला 12-13 च निघतात, उरलेलं पुढच्या पासवर चढतं, आणि काही पासनंतर कुठे दर पासला 20 च्या जवळ येतं, त्यातही व्हीलची झीज वजा. स्पार्क आऊटमध्ये, म्हणजे शेवटी व्हील आणखी आत न देता नुसतं फिरवताना, तर फीड शून्य असून माल निघत असतो. तरी सोपं पडतं म्हणून डायलचा आकडाच सूत्रात घालायची पद्धत पडली, आणि माझ्या मते तिथेच चुकलं.

पुढे क्रीप फीड (खोल काप, पण टेबल अगदी सावकाश) आलं तेव्हा गुंता वाढला. 0.01 मिमी डेप्थ आणि टेबल सेकंदाला 200 मिमी, किंवा 1 मिमी डेप्थ आणि टेबल सेकंदाला 2 मिमी, दोन्हीकडे आकडा दर मिमी रुंदीला सेकंदाला 2 घन मिमीच. पण दुसऱ्यात व्हील जॉबला लांबवर चिकटून चालतं, कूलंट नीट आत पोचला नाही तर जॉब जळतो. एकट्या एमआरआरवरून हे कळत नाही, म्हणून सोबत स्पिंडलची पॉवर मोजायला लागले.

1969 मध्ये सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड, फार कठीण कण) बाजारात आल्यावर व्हीलची झीज खूप कमी झाली, डायल आणि खरं यातला झिजेमुळे पडणारा फरक घटला, पण दबण्याचा तसाच राहिला. आता इन-प्रोसेस गेज चालू कटमध्येच व्यास दाखवतो, म्हणजे खरा रेट समोर असतो. जॉब कार्डावर मात्र रकाना अजून एकच, आणि त्यात डायलवरचाच आकडा भरला जातो.