डब्यावरचा त्रिकोण आणि ओढ्यातले चतुर

ऑक्टोबर छाटणी झाली की सोलापूरजवळच्या नान्नज भागातल्या द्राक्षबागांत डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्या सुरू होतात. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण दिसतो, म्हणून औषध सौम्य असं सगळे धरून चालतात. पण हा रंग उंदरांवरून ठरतो. निम्मे उंदीर मरायला वजनाच्या किलोमागे 5000 मिलिग्रॅमहून जास्त औषध पोटात जावं लागलं तर हिरवा, 501 ते 5000 निळा, 51 ते 500 पिवळा, त्याखाली लाल. मासा किंवा चतुराची अळी या मोजमापात कुठेच नाही, आणि हेच मॅन्कोझेब पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहे.

सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचा हिशोब त्याहून भयंकर. 25 टक्के ईसीच्या (पाण्यात मिसळायच्या तेलकट द्रावणाच्या) 1 मिलीत 250 मिलिग्रॅम विष असतं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि मीटरभर खोल डोहात 1 लाख लिटर पाणी मावतं. मापाच्या टोपणाला चिकटलेलं एवढंसं औषध तिथे विसळलं, तर लिटरला अडीच मायक्रोग्रॅम भरतं. स्वच्छ पाण्यात एवढ्यावर काही जातींचे मासे मरतात, पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, याहून कमीत. गढूळ ओढ्यात हे विष गाळाला चिकटतं. मासे थोडे वाचतात, पण गाळातल्या अळ्या विषाच्या तावडीत सापडतात. त्यांच्या मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडीच राहतात. अळी थरथरते, मग लुळी पडते.

इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं उलटं आहे. ते पाण्यात सहज विरघळतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. मासे बहुधा तगतात, किडे जातात. मग बेडकांना, धोबी पक्ष्यांना खायला उरत नाही. नाकतोड्यांवर, भुंगेऱ्यांवर जगणाऱ्या माळढोकालाही शिवारातल्या कीटकनाशकांची झळ अशीच भुकेच्या वाटेने लागते. मेलेला पक्षी कुठे दिसत नाही, म्हणून कारणही कुणाच्या ध्यानात येत नाही.

सगळ्यांत मोठी चूक पंप ओढ्यावर धुण्याची. द्रावण करतानाच रिकाम्या बाटलीत चतकोर पाणी घ्यावं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावं आणि ते पंपातच ओतावं. असं तीनदा. नंतर बाटलीला भोक पाडावं, नाहीतर ती घरात पाण्याला वापरली जाते. पंपाचं धुवणही त्याच बागेत, ओढ्यापासून लांबच्या ओळींवर फवारून टाकावं. काठच्या ओळीत ब्लोअरची (हवेच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राची) ओढ्याकडची नोझल बंद ठेवावीत, वारा तिकडे असेल तर ती ओळ त्या दिवशी सोडून द्यावी.

फवारणीआधी ओढ्यातले चार-पाच दगड उलटून खालच्या अळ्या मोजाव्यात, आठवड्याने त्याच जागी पुन्हा, म्हणजे फरक कळतो.