पाव किलो की वीस रुपयांची?

मंडईत भावांपेक्षा गिऱ्हाइकांची भाषा ऐकण्यात जास्त गंमत असते. शुक्रवार पेठेतल्या महात्मा फुले मंडईच्या दगडी इमारतीबाहेर बसणाऱ्या एका भाजीवालीकडे मी नेहमी जातो. परवा माझ्या पुढे दोन गिऱ्हाइकं होती. एक आजी म्हणाल्या, "अर्धा किलो टोमॅटो दे गं." त्यांच्यानंतर पाठीला सॅक अडकवलेला, बहुधा कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा म्हणाला, "मावशी, वीसचे द्या." भाव चाळीस रुपये किलो होता. दोघांच्या पिशवीत सारखेच टोमॅटो पडले, दोघांनी सारखेच पैसे दिले.

हाच भाव उद्या ऐंशी झाला आणि दोघांनी आपापलं वाक्य बदललं नाही, तर आजी चाळीस रुपये मोजून अर्धा किलोच नेतील आणि मुलगा वीस रुपयांत पाव किलो. महागाई एकच, पण आजींच्या बाबतीत ती बटव्यात शिरेल आणि मुलाच्या बाबतीत ताटात.

भाव हलला की मागणी किती हलते, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये ही कल्पना नीट मांडली. कितीही महाग झालं तरी तेवढंच घेणाऱ्या आजींची लवचिकता शून्य. भाव काहीही होवो, ज्याचा खर्च तेवढाच राहतो त्या मुलाची लवचिकता एक. आपण बहुतेक जण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो, आणि वस्तूप्रमाणे जागा बदलतो. मीठ दुप्पट महाग झालं म्हणून कुणी अळणी जेवत नाही. फुलकोबी महागला की मात्र गवार आठवते.

पुण्यात रुपयांची भाषा सर्वांत जास्त ऐकू येते ती पेट्रोल पंपावर. "शंभरचं टाका." २०२१ च्या मध्यात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. तोवर या वाक्यात लिटरभर पेट्रोल येत असे, त्यानंतर येईना, पण वाक्य तेच राहिलं. म्हणून दुचाक्या कमी फिरू लागल्या का? सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी अडकलेला माणूस याचं उत्तर देईल. पंपावरच्या खेपा वाढल्या, इतकंच. एका खेपेला लवचिक वाटणारं गिऱ्हाईक महिन्याच्या हिशेबात ताठच निघतं. कामावर जायचं असतं आणि बसची वाट पाहण्यावर आपला विश्वास नसतो.

तरीही आपण शंभरचंच का टाकतो? कारण पैसे खिशात एकत्र असले तरी मनात एकत्र नसतात. आमच्या घरी पूर्वी खरोखरच वेगळी पाकिटं होती: दुधाचे, वाणसामानाचे, भाजीचे, पेपरवाल्याचे. भाजीचं पाकीट महिन्याच्या पंचवीस तारखेला रिकामं झालं की मटकी भिजत पडे, वाणसामानाच्या पाकिटाला हात लागत नसे. रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात या मनातल्या कप्प्यांचा सिद्धांत मांडला. २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. अमेरिकेत हेस्टिंग्ज आणि शापिरो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये त्याचा सुंदर पडताळा दिला. पेट्रोल महागलं की तिथली माणसं उंची पेट्रोल सोडून साधं भरू लागत. पगार तेवढ्याच रकमेने कमी झाला असता तर जेवढी माणसं असं करतील, त्याच्या कितीतरी पट माणसं भाववाढीनंतर हे करत होती. चटका पेट्रोलच्या कप्प्यात बसला होता, तेव्हा काटकसरही त्याच कप्प्यात झाली.

स्वयंपाकघरातली काटकसर यापेक्षा हुशार असते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो वर्षभरापूर्वीच्या तिप्पट भावाला गेला होता. महागाईचा सरकारी दर ज्यावरून काढतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात टोमॅटोचा वाटा तेव्हा किती, तर शंभर रुपयांच्या खर्चात सत्तावन्न पैसे. एवढ्याशा वाट्याने ढोबळ गणितात महागाई दरात टक्काभर भर घातली आणि त्या महिन्याचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला. आमच्या जिल्ह्यातलं नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ. तिथल्या काही शेतकऱ्यांचे त्या महिन्यातले पैसे वर्तमानपत्रांत झळकले. घरोघरी मात्र आमटीत आमसूल आणि चिंच परतली. टोमॅटो आंबटपणासाठी हवा होता, आणि आंबटपणाला आपल्याकडे पर्याय भरपूर.

कांद्याचं तसं नाही. कांद्याऐवजी काय घालणार? मिसळीवर कोबी पेरून पाहणारी हॉटेलं आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. तूरडाळ या दोघांच्या मधली. २०१५ मध्ये ती दोनशे रुपये किलोच्या आसपास गेली तेव्हा काही घरं मसूर-मुगाकडे वळली. उरलेल्यांनी आमटी पातळ केली. तांदळात आणखी एक पायरी असते. माप तेच राहतं, आंबेमोहोराच्या जागी इंद्रायणी येतो, इंद्रायणीच्या जागी कोलम. मध्यमवर्ग सहसा कमी खात नाही, थोडं हलकं खातो आणि पाहुणे आले की मूळ पदावर येतो.

एवढ्या युक्त्या करूनही आपल्याला महागाई आकड्यापेक्षा जास्तच वाटते. रिझर्व्ह बँक देशातल्या मोठ्या शहरांमधल्या कुटुंबांना ठरावीक काळाने विचारत असते, तुम्हाला महागाई किती वाटते? (महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर. पुण्याला विचारत नाहीत, ही बाब पुणेकरांना बहुधा अजून कळलेली नाही.) लोक सांगतात तो आकडा सरकारी दरापेक्षा बहुतेक वेळा काही टक्क्यांनी जास्त असतो. लोक खोटं बोलत नसतात. ते वेगळी टोपली मोजत असतात.

निर्देशांक घरभाडं, कपडे, फोनचं बिल सगळं आपापल्या वजनाने धरतो. आपलं डोकं धरतं ते वारंवार घेतलेलं आणि हातात दिसलेलं. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात हातात वजनं देऊन दाखवलं होतं की फरक जाणवायला ठरावीक ग्रॅम लागत नाहीत, मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात भर लागते. किमतींनाही हे बरंच लागू पडतं. कोथिंबिरीची जुडी दहाची वीस झाली की आपण ओरडतो, तीस हजारांचा फोन एकतीस हजारांना घेताना हूं की चूं करत नाही. त्यात कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट मिळवा: तोटा आपल्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा बराच जास्त लागतो. जुलै २०२३ चे टोमॅटो सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी माल रस्त्याकडेला ओतला. ती स्वस्ताई किती गिऱ्हाइकांना आठवते?

याच कारणाने घरात वाद होतात. अमेरिकी कुटुंबांवरच्या एका अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, बायकांचा महागाईचा अंदाज पुरुषांपेक्षा जास्त निघाला. मग संशोधकांनी घरात किराणा कोण आणतं ते पाहिलं. जिथे ते काम दोघं करत होते, तिथे हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे प्रश्न बाई की पुरुष असा नव्हताच, पिशवी कोणाच्या हातात आहे असा होता. आमच्याकडे भाजी मी आणतो आणि "सगळं दुप्पट झालंय" हे वाक्यही माझंच असतं. बायको बँकेचे हप्ते बघते आणि मला शांतपणे खोडून काढते.

भाव वाढल्याचा राग किती यायचा, हे मात्र वाढीचं कारण काय सांगितलं जातं त्यावर ठरतं. कानेमान, नेच आणि थेलर यांनी १९८६ मध्ये लोकांना विचारलं होतं: दुकानदार बर्फ उपसायची फावडी पंधरा डॉलरला विकतो. मोठं हिमवादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याने भाव वीस केला. हे योग्य का? ८२ टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. दुकानदाराची स्वतःची खरेदीच महागली असेल, तर मात्र बहुतेकांना भाववाढ मान्य असते. आमच्या भाजीवालीने हा निबंध वाचलेला नाही. तरी भाव सांगितल्यावर कपाळावर आठी दिसली की ती लगेच म्हणते, "मागनंच महाग आलंय, दादा."

कंपन्यांना असं म्हणायची सोय नसते, म्हणून त्या पाकीट लहान करतात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो, बिस्किटं कमी होतात. पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचं बंधन होतं. २०२१ च्या नियमबदलात ते काढलं गेलं आणि त्याऐवजी पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात ते छापायचं ठरलं. ते असतं, पण सहसा माझ्या चष्म्याच्या नंबराला न झेपणाऱ्या अक्षरांत. शिकागोतल्या आइस्क्रीमच्या विक्रीवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की गिऱ्हाईक किमतीतल्या बदलाला जेवढी दाद देतं, त्याच्या साधारण एक चतुर्थांशच डब्याच्या आकारातल्या बदलाला देतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही थोडी थोडी कापली तर डोळ्याला घट आणखीच कमी जाणवते. टपरीवरच्या दहा रुपयांच्या चहाचा कागदी कप बघा, म्हणजे प्रयोगशाळेत जायला नको.

आतापर्यंत मी रुपयांची भाषा ही निवड असल्यासारखं बोललो. पुण्यात फार जणांना ती निवड नाही. "पाच रुपयांचं तेल, दहाची साखर" ही वस्तीतल्या दुकानाची रोजची भाषा आहे, भाव चढोत की उतरोत. रोजची मजुरी मिळणाऱ्याला पाच लिटरचा डबा परवडत नाही, म्हणून तो लिटरमागे माझ्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांच्या हिशेबांवरून दाखवलं की कुटुंब जितकं गरीब, तितका मिळकतीचा मोठा हिस्सा खाण्यावर जातो. भारतात २०२२-२३ च्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सरासरी ३९ टक्के होता, ग्रामीण कुटुंबांच्या ४६ टक्के. ज्याचा याहून जास्त आहे, त्याला महागाईचा सरकारी दर परक्या गावाच्या हवामानासारखा वाटत असणार.

याच शहरात, गोखले संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना माणशी रोजचे २,२५० उष्मांक ही रेघ धरली होती. पण महागाईत उष्मांक शेवटी तुटतात. आधी फळं जातात, मग दूध, मग डाळ. पोट भरणारं धान्य टिकतं, कधी वाढतंही. चीनच्या हुनान प्रांतात जेन्सन आणि मिलर यांनी गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन पाहिली. तांदूळ स्वस्त झाल्यावर ती कुटुंबं तांदूळ कमी खाऊ लागली, कारण वाचलेल्या पैशांत दुसरं काही ताटात येऊ शकलं. उलट दिशेने वाचलं तर, तांदूळ महागला की ती कुटुंबं तो जास्त खात होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा भाव वाढला की मागणी घटते, या पाठ्यपुस्तकातल्या नियमाच्या एका जुन्या अपवादाला प्रत्यक्षातला आधार मिळाला.

परत मंडईत. आजींनी टोमॅटो घेतले, पैसे दिले आणि म्हणाल्या, "चार मिरच्या टाक गं वर."

"मिरची लई महाग आलीय, आजी. कढीलिंब घ्या."

वर टाकलेल्या चार मिरच्या कुठल्याही निर्देशांकात नसतात. त्या फुकट होत्या तेव्हाही कुणी मोजल्या नाहीत, आता बंद झाल्या तेही कुणी मोजणार नाही. आजींनी कढीलिंबाच्या दोन काड्या घेतल्या आणि जाता जाता एक मिरची उचलून पिशवीत टाकली. भाजीवालीने पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.